लागेल तसं

ता. ३ जून

तीर्थस्वरूप वहिनींना,
सा. न. वि. वि.

अप्पांची मॉर्फिनची बाटली पाठवते आहे. हाडांतला आजार आता हटायचा नाही. दुखणं कमी करणं तेवढं आपल्या हातात. अशाच रोग्यांसाठी मी रोज चार-पाच घरं फिरते, पण स्वतःच्या वडिलांपाशी बसायला रजा नाही.

दवाखान्याच्या कपाटात सगळ्या रोग्यांसाठी मिळून सहाच बाटल्या उरल्यात. नर्सच्या वडिलांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून चिठ्ठीत लिहिलंय: एका वेळी पिचकारीवरच्या लाल खुणेपर्यंत, लागेल तसं. खूण माझ्या नेलपॉलिशची आहे, हसू नका. दादाला म्हणावं, औषध बघून तू पळू नकोस.

लोभ आहेच, वाढत राहो.
तुमची, धाकटी

ता. २२ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

चिठ्ठी भिंतीला चिकटवली आहे. सकाळ-संध्याकाळ औषधाचं विचारते. अप्पांचं ठरलेलं उत्तर, लागलं की सांगतो. गिऱ्हाइकाच्या उरल्या तुकड्यातून झबलं काढून देणारे शिंपी ते, औषध बरे उधळतील! आजवर दोनदा घेतलं.

हल्ली नवं खूळ आहे. दुपारी मला शिलाई मशीन चालवायला सांगतात. कापड नको, दोरा नको, नुसती चालव म्हणतात. मी पाय मारत बसते आणि ते मुठीत टेप गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडतात. तुमचे दादा म्हणतात, सासरा-सून दोघांचंही डोकं फिरलंय. कामाची आठवण येत असेल, दुसरं काय!

तब्येतीला जपा, आमच्यावर माया असू द्या.
वहिनी

ता. १४ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

अप्पांचं तेरावं उरकून परवा तुम्ही गेलात आणि घर खायला उठलं. अप्पांची खाट अजून हलवली नाही. रडारडीत बाटली द्यायची राहिली, ती आता पाठवते आहे. जवळजवळ भरलेली आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. तुमच्या नावाला बोल लागू दिला नाही, एवढंच समाधान.

आठवण ठेवा.
वहिनी

ता. २० जुलै

तीर्थस्वरूप वहिनींना,
सा. न. वि. वि.

बाटली पोचली. उघडलेलं औषध दुसऱ्या रोग्याला देता येत नाही. नियमाप्रमाणे आम्हा दोघी नर्सच्या सह्या झाल्या आणि ते मी माझ्या हातांनी ओतून टाकलं.

इतर घरी मी काय लिहिते, सांगू? दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यावं, मागायची वाट पाहू नये. दुखणारा माणूस भिडेपोटी मागत नाही, हे मीच नव्या मुलींना शिकवते. आणि ज्यांनी ताटावर बसून कधी मीठसुद्धा मागितलं नाही, त्या अप्पांसाठी मी लिहिलं, लागेल तसं. लोकांच्या तोंडाला भ्याले. मशीनचं वाचलं तेव्हा तरी समजायला हवं होतं. पण मी हसले आणि पत्र पिशवीत टाकलं. तुमची यात काही चूक नाही, वहिनी. माझी मला लाज वाटते.

क्षमा करता आली तर करा.
धाकटी

ता. २७ जुलै

प्रिय वन्सं,

माझी चूक नाही असं लिहू नका. पाय थांबले की अप्पांचं कण्हणं ऐकू यायचं. मशीन कशासाठी हवी, ते तिसऱ्या दिवशीच कळलं होतं मला. तरी तुम्हाला लिहिलं की कामाची आठवण येत असेल. माझ्या हातून जास्त दिलं गेलं तर, या भीतीने मी चिठ्ठी वाचायची, त्यांना विचारायची, ते नको म्हणायचे, आणि मी आणखी जोरात पाय मारायची.

समोरच्या घरातल्या म्हातारबाईंना तेच दुखणं आहे. कशा आहात विचारलं की त्याही बरं आहे म्हणतात. त्यांच्यासाठी या. चिठ्ठी नवी लिहा, तासांसकट. पाजायला मी जाईन, आणि नको म्हणाल्या तर उठून यायची नाही, शेजारी बसेन.

लोभ असावा असं मी मागत नाही, वन्सं. न मागता असू द्या.
वहिनी