उतारावरची कळलावी

१ सप्टें. ५७, रवि.
वच्छीबरोबर केनवडकडच्या टेकडीवर. कळलावी फुलली! लाल-पिवळी, पाकळ्या उलट्या वळलेल्या. पूर्वेच्या उतारावरच, मुरमात, बोरीच्या जाळीत. पलीकडच्या अंगाला एक नाही. खाली काळ्या रानात तर नाहीच. पाणी साचलं की कंद कुजतो, एवढं दोन वर्षांत कळलं. वच्छी म्हणे, "नवरा केला असता तं त्याच्यामांगं एवढी हिंडली असती काय वं?" शाळेतल्या बायांत माझ्याबरोबर काट्यांत शिरणारी ही एकटीच.

२० ऑक्टो., रवि.
वेली वाळल्या. थोड्या दिवसांत मागमूस राहणार नाही, म्हणून प्रत्येक कंदाजवळच्या दगडाला चुना लावला. दोघींनी. पुढच्या पावसात कुठे कुठे पसरते ते पाहायचं. जागा कोणाला सांगायची नाही, असं ठरलं. लोक औषधाला उपटून नेतात.

१२ जाने. ५८, रवि.
टेकडीवर खड्डेच खड्डे. चुन्याचे दगड उलटेपालटे. गुरं चारणारा म्हादबा म्हणाला, "तुमच्या संगच्या बाई आल्त्या ना. दोन गडी, कुदळी घेऊन. मले वाटलं, तुमीच धाडलं."
उलटे दगड सरळ केले. 

१३ जाने.
मधल्या सुट्टीत वच्छीला विचारलं. लपवलं नाही तिनं. कंद वाशीमला, शाळाखात्याच्या मोठ्या साहेबांच्या बाईंच्या बागेत. त्यांना फुलं हवीत, हिला अकोल्याला बदली. नवरा तिकडे, ही इकडे, लग्न झाल्यापासून. "तुले इचारलं असतं तं तू देल्लं असतं काय?"
नसतं दिलं. पण विचारायचं तरी! माझ्याच खुणांवरून खणलं. केसानं गळा कापला वच्छीनं. बोलणं बंद.

३ मार्च
ती समोरून आली, मी वळले. डबा एकटीनं खाल्ला. चव नाही कशालाच.

८ जून, रवि.
वच्छी दारात. उभ्या उभ्याच बोलली. "एकालेबी मोड नाई वं इंदू. काळ्या मातीत लावले, शेणखत देल्लं, माळी रोज पाणी देऊन राह्यला. बाईसायब चिडल्या. बदलीवर सायबाची सही व्हायची हाय अजून. काय चुकलं, सांग ना."
मला सगळं माहीत. उकरून मुरमात, उतार करून लावले तर काही जगतील. पाऊस लागायच्या आत. एक शब्द बोलले नाही. गेली. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग रडू आलं, त्याचाही राग आला.

१० जून
मोटारस्टँडवर लिहितेय. आभाळ भरलंय. कंदांनी कोणाचं काय वाईट केलं होतं? टेकडीवरचा मुरूम पोत्यात भरून आणला, वाशीमच्या मोटारीच्या टपावर चढवला. कसं लावायचं त्याची चिठ्ठी बाईसाहेबांना लिहिली. खाली सही राहिलीय. वच्छीचं नाव घातलं तर कंद वाचतील, बदलीही होईल. माझं घातलं तर नुसते कंद.
पोतं अन् चिठ्ठी बंगल्यावर पोचवणारा क्लीनर दोनदा येऊन गेला. "बाई, द्या ना चिठ्ठी, गाडी सुटून राह्यली." थांब म्हटलं त्याला.