पाटीवर गेलेली आई घरीच असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, उंबरटाकळी,
ता. खामगाव, जि. बुलडाणा.

अर्जदार : गजेंद्र शेषराव चोपडे, धंदा मोटर वायंडिंग, रा. बाजारगल्ली, उंबरटाकळी.

विषय : माझी आई श्रीमती सरस्वतीबाई शेषराव चोपडे गाव सोडून गेलेली नसल्याने तिला रहिवासी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने आमच्या भिंतीवर लावलेली निळी पाटी.
२) कै. मोतीराम गुरुजी लिखित ‘तेरा उंबरे’, शेवटची कथा ‘पेटी’.

महोदय,

सविनय अर्ज सादर करतो की, येत्या सोमवारी आपल्या नगरपंचायतीतर्फे मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर आहे. शिबिर फक्त गावच्या रहिवाशांसाठी आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे. ती जन्मापासून याच गावात राहते, तिला दिलीही गावातल्या गावात. तरी आपले कार्यालय तिला रहिवासी दाखला देत नाही. का देत नाही, हे सांगताना अर्ज लांबला तर लहान तोंडी मोठा घास समजून माफी असावी.

१. ‘तेरा उंबरे’ हे पुस्तक आपणास माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आमच्या शाळेवर शिकवून गेलेल्या गुरुजींनी गावातल्या तेरा घरांवर तेरा कथा लिहिल्या. एका कथेतला हॉटेलवाला दुसऱ्या कथेतल्या पोस्टमनला चहा पाजतो, आणि पहिल्या घरात लागलेले भांडण नवव्या घरात मिटते. अख्ख्या गावाने सगळे पुस्तक वाचले आहे असे मी शपथेवर सांगणार नाही, पण ज्याने त्याने आपल्या घराची कथा वाचलेली आहे. आमच्या शेजारीण शालूबाई यांच्या सासूबद्दल गुरुजींनी ‘भांडायला कोणी नसले की त्या उंबऱ्याशी भांडत’ असे लिहिले. शालूबाई ही ओळ पाहुण्यांना चहाच्या आधी म्हणून दाखवतात.

२. गुरुजींच्या जन्मशताब्दीनिमित्त आपण त्या तेरा घरांवर पाट्या लावल्या. उपक्रम स्तुत्य आहे. आमच्या पाटीवर खालीलप्रमाणे मजकूर आहे : “कथास्थळ क्र. १३. ‘पेटी’ची नायिका येथे राहत होती. एके सकाळी ती पत्र्याची पेटी घेऊन एस.टी.त बसली आणि हे गाव कायमचे सोडून गेली.” खाली आपली सही. अनावरणाच्या दिवशी आपण फार सुंदर बोललात. “ती गेली आणि गाव रिकामे झाले,” हे वाक्य आपण दोनदा म्हटलेत. त्या वेळी आपल्यापुढे पेढ्यांचे ताट धरून जी म्हातारी उभी होती, तीच ती. तिला पाटी दिसत नव्हती. टाळ्या पडल्या म्हणून तिनेही ताट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, आणि पाटीला हारही तिनेच घातला.

३. गेल्या आठवड्यात मी दाखल्यासाठी गेलो असता आपले लिपिक श्री. रवी यांनी मला प्रेमाने बसवून घेतले व म्हणाले, “काकाजी, मी आजीच्या हातचं लहानपणापासून खाऊन राह्यलो. पण पाटी आमच्याच हापिसची हाये. तिच्यावर साहेबाची सही हाये. आता दाखल्यावर बी साहेबाचीच सही पायजे. मंग कोनती सही खोटी धराची, तुम्हीच सांगा.” पुढे त्यांनी मार्ग सुचवला की, आई परत आल्याचा पुरावा जोडावा, म्हणजे त्या वेळचे परतीचे एस.टी. तिकीट, किंवा लेखकाचे संमतीपत्र. लेखक वारले असल्याचे मी सांगितले. तेव्हा त्यांनी विचार करून ‘स्थळपाहणी’ असा शेरा मारला.

४. स्थळपाहणी रीतसर झाली. श्री. रवी यांनी आमच्या ओट्यावर बसून, आईने दिलेला चहा पीत, शालूबाईंना पंच म्हणून विचारले की सरस्वतीबाई सध्या कोठे आहेत. शालूबाई म्हणाल्या, “सरस्वती? ती त गेली ना पेटी घेऊन! पुस्तकात हाये.” आणि लगेच मागे वळून आईला म्हणाल्या, “काव सरस्वती, विरजणाले दही हाये काय थोडंसं?” आईने दही दिले. जबाबाखाली शालूबाईंची सही आहे. दह्याची नोंद घेतली गेली नाही, याकडे आपले लक्ष वेधतो.

५. आता वस्तुस्थिती. आईची मोठी बहीण तानुबाई जलंबला दिलेली होती व ती बाळंत झाली होती. आई तिच्याकडे निघाली. सदर पेटीत डिंकाचे लाडू, शेवया व बाळाची दुपटी होती. पेटीत नेमके काय होते यावर नागपूरकडच्या एका प्राध्यापिकाबाईंनी प्रबंध लिहिला असून त्यात ‘स्त्रीची दडपलेली आकांक्षा’ असे उत्तर निघाले आहे. आई म्हणते, लाडूच होते, आणि तूप साजूक होते. त्याच गाडीत मोतीराम गुरुजी होते. त्यांची वर्ध्याला बदली झाली होती. जलंबसाठी आई खामगावला उतरली, गुरुजी पुढे गेले. बाळंतपण आटोपून आई परत आली. गुरुजी परत आलेच नाहीत. म्हणजे साहेब, त्या दिवशी गाव सोडून जे कायमचे गेले ते लेखक होते. पाटी लावायची तर त्यांच्या खोलीवर लावायची होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे.

अर्ज येथपर्यंत देवानंदच्या झेरॉक्स सेंटरवर टाईप झाला होता व खाली ‘सबब पाटी त्वरित काढावी, अन्यथा उपोषणास बसेन’ असे लिहायचे ठरले होते. परंतु घरी जेवताना तो आईला वाचून दाखवला आणि घोटाळा झाला. आई म्हणाली, “मी त गेलीच होती ना जलंबले. खोटं काय लिवलं त्यायनं?” तेव्हा लक्षात आले की आईने ती कथा कधी वाचलेलीच नाही. पूर्वी कामातून सवड नव्हती, नंतर डोळे गेले. माझी मुलगी अपेक्षा हिने कथा तिला मोठ्याने वाचून दाखवली.

पेटीपर्यंत आई पोट धरून हसली. पण पुढे कथेतली मुलगी अमरावतीला उतरते, शिकते, मास्तरीण होते, आणि फळ्यावर स्वतःचे नाव लिहिते. तेथे आईने अपेक्षाला ते पान पुन्हा वाचायला लावले. येथे नमूद करतो की आई सातवीला शाळेत पहिली आली होती. मास्तरीण होण्याच्या शिक्षणाच्या प्रवेशाचा कागद गुरुजींनी घरी आणून दिला होता. आईच्या वडिलांनी तो परत पाठवला व त्याच उन्हाळ्यात लग्न लावले. मला हे आजवर माहीत नव्हते, आईने तेव्हाच सांगितले, आणि ऐकून मला फार वाईट वाटले.

शेवटी आई म्हणाली, “लय बरं केलं गुरुजीनं. मी नाही त नाही, एक तरी गेली.” मग मला म्हणाली, “पाटीले हात लावू नको, गज्या. ती गेलेली हाये, तिले वापस आनू नको. मले फक्त डोये करून दे. ते फळ्याचं पान मले माह्या डोयानं वाचाचं हाये.”

सबब, मागणी बदलत आहे. पुन्हा टाईप करायला देवानंद तयार नाही, म्हणून वरचा राग तसाच राहू दिला आहे. पाटीवर आई गेलेली राहू द्यावी. दाखल्यावर मात्र ती गावातच असल्याचे सोमवारपूर्वी लिहून द्यावे. दोन्ही सह्या खऱ्या आहेत, असे अर्जदार लिहून देण्यास तयार आहे.

आपला नम्र व आईसह हजर,

(सही)
गजेंद्र शेषराव चोपडे
उंबरटाकळी, गुरुवार, दि. १६ जानेवारी २०२५

सोबत :
१) आधार कार्डाची झेरॉक्स.
२) शालूबाईंचा दुरुस्त जबाब (दही मिळाल्याच्या उल्लेखासह).
३) सरस्वतीबाई शेषराव चोपडे, मूळ प्रत. बाहेर बाकावर बसल्या आहेत. पायरी दिसत नाही, कृपया आपणच बाहेर यावे.