आईचं गाणं, सायलीचा आवाज

१२ जाने., सोम.
मी नि सायली तीन वर्षं कोरियन गाण्यांवर नाचतोय. आज प्रॅक्टिसला, इंदिरानगरला तिच्या गच्चीवर, तिने एका ग्रुपचं नवीन गाणं लावलं. मधेच बीट थांबतो आणि एक मुलगी त्यांच्याकडचं जुनं लोकगीत गाते. अंगावर काटा. सा. म्हणाली, "आपल्याकडे असलं काही नाही का गं?"
"माहीत नाही."
माहीत आहे. आई सटाण्याकडची. लग्नातली अहिराणी गाणी तिला ढीगभर येतात. शाळेत एकदा माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' निघालं, तर वर्ग आठवडाभर हसत होता. तेव्हापासून बंद.

१५, गुरु.
सा. घरी आली. आई भाकरी थापताना गुणगुणत होती. झालं! सा. थेट ओट्यापाशी. "काकू, परत म्हणा ना." आई लाजली, मग म्हणाली. अख्खं. मला कधी अख्खं म्हणून दाखवलं नाही.
(मी कधी विचारलंही नाही. ते वेगळं.)

१८, रवि.
रोज येते आता. माझ्यासाठी नाही. आई तिला हळदीचं गाणं शिकवते, तिच्या उच्चारांवर खळखळून हसते. सा. त्यावर बीट बसवून गॅदरिंगला गाणार. मी मागे नाचायचं. मागे!
आवाज तिचाच चांगला. कळतं मला. म्हणून तर...

२१, बुध.
सा.चा मेसेज: 'हळद म्हणायचं की हयद? काकू फोन उचलत नाहीयेत.' आई कालपासून सटाण्याला, शनिवारीच येणार.
लिहिलं, 'हळद.' लगेच.
अहिराणीत हयदच. पाळण्यात असल्यापासून ऐकलंय.

२४, शनि.
गॅदरिंग. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. हळद काय नि हयद काय, कुणाला कळणार? पहिल्या रांगेत आईला कळलं. तिने सा.कडे नाही, माझ्याकडे बघितलं.
रिक्षात म्हणाली, "पोरनी इतली मेहनत करी. तिले आसं कोनी सांगं?"
"मी."
तिने पदर सावरला नि रिक्षावाल्याला वळण सांगितलं. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

२५, रवि.
सकाळी सा.चा फोन. गाणं नीट रेकॉर्ड करायचंय, काकूंचाही आवाज हवाय. किती खूश होती! सांगायला तोंड उघडलं, पण तिने तेवढ्यात ठेवलासुद्धा.
आईला निरोप दिला. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. आधी तू म्हन."
स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं. दोन ओळी आल्या, तिसरीला अडकले. आई पीठ मळत राहिली. "सांग ना गं पुढचं," मी म्हटलं.
"सायलीले इचार."
तासभर झाला. फोन हातात घेऊन बसलेय.