सिद्धप्पाकाकांची सलाईन

मंगळवार. ड्युटीवरून आल्यावर.

डबा अजून धुतलेला नाही. ती बाटलीच डोळ्यांसमोर आहे.

सिद्धप्पाकाकांच्या शेवटच्या दिवसांचा प्लॅन मीच लिहिला होता. सलाईन लावायची नाही, आता तिनं सूज आणि धापच वाढते; दुखलं की औषध द्यायचं, ओठ ओल्या कापसानं पुसत राहायचे. डॉक्टरांनी समजावलं, काका हो म्हणाले, मुलानं सही केली. आज शेजारच्या खाटेवरची सलाईन बघून तोच मुलगा म्हणाला, "सिस्टर, एक बाटली तरी लावा की. नुसतं बघत बसवंना." मी नाही म्हणाले. तर काकाच पुटपुटले, "लावा की. त्याच्यासाठी लावा."

डॉक्टरांना फोन केला. अगदी सावकाश सोडा, म्हणाले. मुलगा थेंब बघत बसला, मग दोन दिवसांत पहिल्यांदा जेवायला गेला. तो जिना उतरला तसे काका म्हणाले, "आता बंद करा."

केली बंद. प्लॅनमध्ये लिहिलं, रुग्णाच्या इच्छेनुसार सुरू, रुग्णाच्या इच्छेनुसार बंद. लिहिताना काही चुकतंय असं वाटलं नाही. आता तरी कुठे वाटतंय?

मुलगा परत आला. जवळजवळ भरलेल्याच बाटलीकडे, थांबलेल्या थेंबाकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडणार.

"कापूस द्या हिकडं," एवढंच म्हणाला.