कंपासपेटीतला गूळ

प्रिय करुणा,

पत्र बघून हसशील. हातात मोबाइल असताना ही बया कागद कशाला खरडतेय, म्हणशील. पण हे तोंडानं बोलायची माझी छाती झाली नसती, अगं.

सातवीचा वर्ग आठवतो? मला शुगर निघाली तेव्हा आबांनी बजावलं होतं, शाळेत कुणाला सांगायचं न्हाय, पोरीची जात हाय. मी फक्त तुला सांगितलं. सकाळी इन्सुलिन टोचून, घाईत अर्धी भाकरी खाऊन यायचे आणि तिसऱ्या तासाला हातपाय लटपटायला लागायचे. घरात सगळ्यांना एकच ठाऊक, शुगर हाय म्हणजे गोडाला शिवायचं न्हाय. चहूकडं ऊस, आणि मी गुळाच्या खड्याला महाग! शुगर एकदम उतरली तर गोडच द्या, हे बारामतीच्या डॉक्टरांचं सांगणं घरच्यांनी कानाआड केलं, तू तेवढं ध्यानात ठेवलंस. शेजारच्या लक्ष्मीकाकूंकडून गूळ मागून कंपासपेटीत ठेवायचीस आणि मला घाम फुटला की बाकाखालून हातात सरकवायचीस.

मग पेटीला मुंग्या लागल्या. सरांनी ती सगळ्यांसमोर उघडली, तुला खादाड म्हणाले, आठवडाभर दाराशी उभं केलं. पोरं दहावीपर्यंत तुला 'मुंगळी' म्हणायची. त्या दिवशी तू एकदाच माझ्याकडं बघितलंस, पण माझं नाव घेतलं नाहीस. मी वहीत डोकं घालून बसले. तरी सोमवारी पेटीत पुन्हा गूळ होताच, या खेपेला औषधाच्या डबीत, झाकण घट्ट लावून. कुठल्या मातीची गं तू!

आता मी पणदऱ्यात शिकवते, तुला ठाऊकच आहे. परवा माझ्या वर्गातल्या स्वरूपाची आई तिचा दाखला काढायला आली. पोरीला शुगर हाय, हितं कोण बघणार, घरीच बरी, म्हणाली. मला राहवलं नाही. त्या आईला हाताला धरून वर्गात नेलं, पर्समधलं माझं इन्सुलिनचं पेन काढून पोरांना दाखवलं आणि सगळं सांगितलं. तो गूळ माझ्यासाठी होता आणि शिक्षा मात्र करुणानं भोगली, हेसुद्धा. तुझं नाव घेताना रडू आवरेना. ती माउली दाखला न घेताच परत गेली.

आज सकाळी स्वरूपा शाळेत आली, आणि माझ्या टेबलावर पोरांनी आणलेल्या गुळाच्या तीन डब्या होत्या, झाकणं घट्ट लावलेल्या. पोरं विचारतात, करुणाताई कधी येणार? शनिवारी सकाळच्या एसटीनं ये. तुझी माफी मला एकांतात मागायची नाही. तुला वर्गासमोर उभं केलं होतं ना, वर्गासमोरच मागायचीय.

तुझ्या गुळावर तगलेली,
तुझीच राजनंदिनी