टाकीतल्या शिंपल्यांची भरती

प्रति,
मा. संचालक,
सागरी मत्स्य संशोधन केंद्र, मुख्य कार्यालय

अर्जदार : याच केंद्राच्या शिंपला विभागातील सेवानिवृत्त जीवशास्त्रज्ञ

विषय : तळमजल्यावरील खाऱ्या पाण्याची टाकी रिकामी न करण्याबाबत.
संदर्भ : टाकीच्या खोलीच्या दारावर चिकटवलेली, येत्या सोमवारी खोली सभागृहासाठी मोकळी करण्याची सूचना.

महोदय,

आपल्याला त्रास द्यावा की नाही याचा बराच विचार करून, एक मसुदा फाडून, हा दुसरा सादर करीत आहे. काही अधिक-उणे लिहिले गेल्यास क्षमा असावी.

सदर टाकीत अकरा शिंपले आहेत. सूचनेत त्यांचा उल्लेख 'इतर साहित्य' असा आहे. ते जिवंत आहेत, एवढे प्रथम निदर्शनास आणतो. आपल्या आधीच्या संचालकांच्या तोंडी परवानगीने मी निवृत्तीनंतरही रोज येऊन त्यांची देखभाल करतो. खाडीच्या तोंडाशी खडकांवर पसरलेल्या शिंपल्यांच्या ज्या थराचा अभ्यास करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्या थराचे हे शेवटचे. पाणी दरवर्षी थोडे तापत गेले, थोडे आम्ल होत गेले. पिल्लांना पहिले कवचच धरता येईना. मी अहवालात 'चिंताजनक' लिहीत असे. पुढे 'अत्यंत चिंताजनक' लिहिले. त्यापुढचा शब्द कार्यालयीन भाषेत मला सापडला नाही, आणि तोवर थरही संपला. माझी पत्नी म्हणायची, "आपलं घर समुद्र चालवतो, मी नुसती राहते इथे." आता तो थरही नाही आणि तीही नाही.

हे शिंपले मी गोळा केलेले नाहीत. जन्मभर त्या खडकांवर शिंपले काढून पोट भरलेल्या एका बाईंनी (त्यांना सगळे मावशी म्हणतात) ते ओल्या गोणपाटात गुंडाळून इथे आणून दिले. तुमच्याकडेच राहू द्या, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे राहिले तर आम्ही खाऊ. तुम्ही शिकलेले, तुम्ही नुसते बघत बसाल." यात टोमणा किती आणि विश्वास किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण 'सांभाळतो' असे मी बोलून बसलो. मावशी अधूनमधून येतात, टाकीसमोर उभ्या राहतात आणि दवाखान्यात विचारावे तसे हळू विचारतात, "खातात-पितात ना?"

आता जे लिहितो ते पहिल्या मसुद्यात नव्हते. शिंपले भरतीला उघडतात, ओहोटीला मिटतात. टाकीत भरती नसते, तरी आणल्यावर कित्येक दिवस ते आपल्या खडकांवरच्या भरतीच्या वेळेलाच उघडत राहिले. मग वेळ हळूहळू सरकली. मी आधी माझ्या डोळ्यांना दोष दिला, मग घड्याळाला. पहारेकरी म्हणाला, "साहेब, घड्याळ चांगलं आहे. त्या गरिबावर कशाला आळ घेता?" शेवटी चंद्रावरून आकडेमोड केली. समुद्र या इमारतीपर्यंत असता, तर आपल्या पायऱ्यांशी ज्या वेळी भरती आली असती, त्या वेळी ते उघडतात.

आपले कार्यालय किनाऱ्यापासून बरेच आत, चढावर आहे. इथे पाणी येणार असे माझे म्हणणे मुळीच नाही. चंद्राची ओढ भिंतींना जुमानत नाही, असे साधे स्पष्टीकरण मी स्वतःला देतो आणि ते बहुधा बरोबरही असावे. मात्र ती वेळ आली की मी खुर्चीत पाय वर घेऊन बसतो. पहारेकरी आधी हसला. हल्ली तोही जेवणाचा डबा जमिनीवरून उचलून खिडकीत ठेवतो, आणि विचारले तर म्हणतो, "मुंग्या होतात हो." मुंग्या मी तरी पाहिलेल्या नाहीत.

तरी विनंती, की टाकी आहे तिथेच राहू द्यावी. सभागृहाच्या कोपऱ्यात ती अडचण करणार नाही. ते शक्य नसल्यास थंड पाण्याची दुसरी सोय होईपर्यंत मुदत मिळावी. तेही नसल्यास शिंपले माझ्या ताब्यात द्यावेत असे लिहिणार होतो. परंतु घरी पाणी थंड ठेवण्याचे यंत्र नाही, आणि न्हाणीघरातल्या बादलीत ते किती तग धरतील हे मी सोडून कोण जाणणार? खाडीत परत सोडावेत, असे आपल्या सहायकांनी सुचवले. खाडीचे पाणी मी तपासले आहे. ती विनंती मी करीत नाही.

यांपैकी काहीच मंजूर होण्यासारखे नसेल, तर एवढे तरी व्हावे. सोमवारी झाकण काढणाऱ्याने लगेच पाणी सोडू नये. शिंपल्यांना डोळे नसतात, पण सावली कळते. अंगावर सावली पडली की ते आपणहून मिटतात आणि आत स्वतःपुरते थोडे पाणी धरून ठेवतात. तेव्हा आधी कोणीतरी दिव्याच्या आड उभे राहावे, सगळे मिटेपर्यंत थांबावे, आणि मगच काय ते करावे. उभे राहायला मी येईन. परंतु रोज पाहून पाहून असेल, माझ्या सावलीला ते हल्ली मिटत नाहीत. म्हणून मावशींना आणावे लागेल. त्यांना काय सांगून आणायचे, ते मला अजून सुचलेले नाही.

सोमवारपूर्वी उत्तर मिळेल अशी आशा धरून असलेला,

आपला नम्र,
(सही)
सेवानिवृत्त जीवशास्त्रज्ञ, शिंपला विभाग
दि. ९ मे, शुक्रवार

सोबत : खाडीच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल.