निकालाआधीचा तांदूळ

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी, तुमच्या वर्गातल्या पोरानं, तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही नाही. तेव्हा वाटायचं, तुमचं लोणावळ्यातलं घर काय लांब आहे, जाऊ की कधीतरी. मी तर त्याच गावात काम करत होतो. गेलो नाही. आता माझ्याकडे लोणावळ्यात आणि कुरवंड्याच्या रस्त्याला मिळून सोळा बंगले आहेत. माझे नव्हेत, सांभाळायला. मालक मुंबईला असतात, शनिवार-रविवारी येतात, नाहीतर पाहुण्यांना भाड्यानं देतात. गिझर, गवत, पाण्याची टाकी, स्वयंपाकाला बाई, मालकिणीच्या कुत्र्याला डॉक्टर, सगळं माझ्याकडे. दहावीनंतर एका बंगल्यावर माळ्याच्या हाताखाली लागलो होतो, तिथून इथवर आलो ते थोडंफार हातानं आणि बरंचसं कानानं. त्या म्हाताऱ्या माळ्यानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "मालक बोलाय लागला की पायप धरून हुबं ऱ्हायचं. ऐकायचं समदं, पन त्वांड झाडाकडं ठिवायचं." कोण बंगला विकणार, कुणाचं जुन्या केअरटेकरशी बिनसलंय, हे मला झाडाकडं बघता बघता कळत गेलं आणि मी बरोबर दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकात हजर. लोक म्हणतात, याला नशिबानं साथ दिली. मी हसतो. नशिबाला कुठे पाइप धरून उभं राहावं लागतं?

मला एक मुलगी आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. सात वर्षांची होईपर्यंत ती एका बंगल्याच्या मागच्या खोलीत वाढली, आता समाजशास्त्रात एम.ए. झालीय आणि त्याच मागच्या खोल्यांवर तिला पीएच.डी. करायचीय. बंगला राखणारी माणसं, त्यांच्या बायका, त्यांची पोरं, पुढच्या दारानं कधी जायचं आणि मागच्या दारानं कधी, कोणत्या कपात चहा मिळतो, असलं सगळं. मी म्हटलं, "अगं, हे मला रोज दिसतं, यात शिकायचं काय?" तर म्हणाली, "पप्पा, रोज दिसतं म्हणूनच कुणी लिहिलेलं नाही." आंदर मावळातल्या माझ्या मावशीला वाटलं नात डॉक्टर होणार. "मंग माझ्या गुडघ्याचं बघंल का ती?" म्हणाली. मी सांगितलं, मावशी, ही समाजाची डॉक्टर. "समाजाचं काय दुकतंय?" मावशी म्हणाली, आणि माझ्या पोरीनं ते वहीत लिहून घेतलं.

गेल्या वर्षीचा दिवाळीनंतरचा सगळा काळ अर्जांत गेला. पाच ठिकाणी, त्यातली दोन परदेशात. मला वाटायचं अर्ज म्हणजे नाव, जात, टक्के आणि फोटो. तसं नसतं. मी काय शोधणार, का शोधणार, कसं शोधणार, आणि तुमच्याचकडे का येणार, हे पानभर लिहायचं. त्या पानावर तिनं दीड महिना घालवला. सकाळी एक वाक्य लिहायची, संध्याकाळी खोडायची. पाचांतलं एक विद्यापीठ तिच्या मनात वेगळं होतं, कारण तिथे एक प्राध्यापक बाई आहेत, घरकामाच्या माणसांवर आयुष्यभर काम केलेल्या. नाव लिहीत नाही. "त्यांनी नुसतं वाचलं तरी पुरे," ती म्हणायची. जेवताना, भांडी पुसताना, कधीही.

आणि बाई, योग असा की डिसेंबरच्या एका शनिवारी त्याच बाई माझ्याच एका बंगल्यावर पाहुण्या म्हणून आल्या. मला काय माहीत. मी व्हरांड्याच्या बाजूला नळाचा वॉशर बदलत होतो आणि त्या फोनवर बोलत होत्या. इंग्रजी, पण चाळीस वर्षं लोणावळ्यात काढल्यावर फोनवरचं इंग्रजी कळतं. मुलाखतीच्या याद्या, कोण कोण पॅनलवर, आणि मग म्हणाल्या, "एक अर्ज फार छान आहे, बंगल्यांच्या केअरटेकरवर. त्या मुलीला मला भेटायचंय." माझ्या हातातला पाना तसाच राहिला. तोंड मी झाडाकडं ठेवलं. पण आतून मला रस्त्यावर पळत जाऊन ओरडावंसं वाटत होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. काम झालेलंच होतं हो. माझ्या पोरीनं ते स्वतः केलं होतं, त्या पानभर शब्दांनी. पण आपल्याकडचं तुम्हाला ठाऊक आहे, नवा इंद्रायणी तांदूळ घरात आला की तो एकट्यानं खायचा नसतो. डॉक्टरला जातो, वायरमनला जातो, तलाठ्याला जातो, ज्यानं काम केलं त्याला जातो आणि ज्याच्याकडे उद्या काम पडेल त्यालाही जातो. आंदर मावळात आता माझं स्वतःचं भाताचं खाचर आहे, ज्या बांधावर माझी आई दुसऱ्यांची लावणी करायची त्याच्या पलीकडेच. रविवारी त्या निघताना मी दहा किलोचं पोतं त्यांच्या डिकीत ठेवलं. वर चिठ्ठी. "मॅडम, घरचा तांदूळ आहे. बंगल्यांच्या केअरटेकरवर अर्ज केलेली मुलगी माझी. लक्ष असू द्या." वर तिचं नाव, खाली माझी सही, मोबाइल नंबर. ड्रायव्हरला म्हटलं, पोचल्यावर द्या. मला स्वतःची हुशारी वाटली. घरी येऊन मी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

मला तुमची आठवण आली नाही असं नाही. आली, आणि मी ती बाजूला सारली, हे जास्त वाईट. सातवीचं वर्ष. तळेगावच्या वसतिगृहात मला जागा मिळावी म्हणून तुम्ही शिफारस करणार होतात आणि परीक्षा व्हायची होती. आईनं मजुरीचा तांदूळ पाखडून, खडे काढून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून माझ्या डोक्यावर दिला. तुम्ही वर्गाबाहेर येऊन गाठोडं बघितलंत आणि म्हणालात, "निकाल लागू दे. मग आण, मी भात करीन आणि तुलाच वाढीन. आज घेतला तर तू पास झालास की तुझ्या आईचा तांदूळ, ते मला कळायचं नाही. आणि तुलाही नाही." मी गाठोडं घेऊन रडत परत आलो. आई चुलीपुढे बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं. आधी म्हणाली, "कमी वाटला आसंल." मग लाकूड आत सारत, "का आपल्या हातचा म्हनून नगं झाला?" बौद्धवस्तीतल्या बाईच्या मनात दुसरं काय येणार? ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण कुणीतरी सांगितलं असणार, कारण निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चालत वस्तीवर आलात, आमच्या घरात बसलात आणि आईला म्हणालात, "कुठंय तो तांदूळ? टाका चुलीवर." आई वाढतेय आणि तुम्ही जेवताय, दारात सगळी वस्ती उभी. "बाई, आनिक घ्या, आमाला वाईट वाटंल," आई म्हणतेय. तुम्ही तीनदा भात घेतलात. आई मरेपर्यंत ते जेवण सांगायची.

मंगळवारी ड्रायव्हर पोतं परत घेऊन आला. न उघडलेलं. सोबत पाकीट. मराठीत, नीट अक्षरात लिहिलं होतं. "तुमच्या मुलीचा प्रस्ताव मी वाचला आणि मला मनापासून आवडला. पण आता मला तिच्या मुलाखतीला बसता येणार नाही. तांदूळ परत पाठवते, राग मानू नका. या वेळी तिचं झालं नाही तर पुढच्या फेरीत तिनं जरूर अर्ज करावा. मध्ये कुणी काही करू नये. तिला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा." मी पाकीट खिशात घातलं. पोतं बंगल्यावरच्या कामवाल्या बाईला दिलं. ती म्हणाली, "सायेब, आज काय सण हाय?"

मुलाखत गुरुवारी होती, ऑनलाइन. पोरगी वरच्या खोलीत, आईची कांजीवरम नेसून बसली होती, खाली घरातलीच चप्पल. मी जिन्यात उभा. तुम्हाला म्हटलं ना, माझ्या कानांना खोडच आहे. पलीकडून तीन पुरुषांचे आवाज. नमुना किती, पद्धत कोणती, आकडे कुठले. एकजण हसत म्हणाला की गप्पा मारून समाजशास्त्र होतं का? ती सांगत होती, चांगलं सांगत होती, पण प्रत्येक उत्तर जणू बंद दारावर जाऊन पडत होतं. वीस मिनिटांत संपलं. ती खाली आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम नव्हत्या. कुणा उमेदवाराशी ओळख निघाली म्हणे, म्हणून स्वतःहून बाजूला झाल्या." मग हसली, पण नुसत्या ओठांनी. "म्हणजे कुणीतरी वशिल्याचा आहे पप्पा. पॅनलवरून उठल्या म्हणून काय झालं, बाहेरून फोन करता येत नाही का?" माझी बायको म्हणाली, "अशा लोकांना लाज कशी वाटत नाही?" मी म्हटलं, "जाऊ दे." दुसरं काय म्हणणार?

नंतर वाट बघणं. तुम्ही गेलात तेव्हा असलं वाट बघणं नव्हतं, बाई. पोस्टमन गेला की त्या दिवसापुरती सुटका व्हायची. आता सुटका नाही. फोन हातातच असतो. जानेवारीभर ती भाकरी थापतानासुद्धा पिठाच्या बोटानं निकालाचं पान उघडायची आणि काचेवर पीठ राहायचं. फेब्रुवारीत त्या मॅडमच्या विद्यापीठाची यादी लागली, नाव नव्हतं. मार्चमध्ये परदेशातली दोन पत्रं आली, अगदी गोड भाषेत. उरलेल्या दोघांतल्या एकानं कळवलंच नाही, दुसऱ्यानं एका ओळीत कळवलं. प्रत्येक वेळी ती फोन उपडा ठेवून म्हणायची, "ठीक आहे." पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा आवाजात राग होता. शेवटच्या वेळी तोही नव्हता. नंतर एकदा मी तिला आईशी बोलताना ऐकलं, "विषयच फालतू असेल गं. पाच ठिकाणी पाच माणसं चुकतील का?" मी ते भिंतीच्या अलीकडून ऐकलं. खिशातलं पाकीट तेव्हा कपाटात, विम्याच्या कागदांखाली होतं.

आता मे आहे. त्या विद्यापीठाची पुढची फेरी उघडलीय, मुदत परवा संपते. काल मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिथं भरलास का?" ती म्हणाली, "तिथं? तिथं आतल्या माणसांचंच होतं. त्यापेक्षा तुमच्या ऑफिसला बसते, बुकिंग बघते." माझ्या ऑफिसला! मी आयुष्य काढलं ते तिला मागच्या खोलीतून बाहेर काढायला, आणि ती माझ्याकडे नोकरी मागतेय, तीही विनोदानं नाही. तिला ते पत्र वाचायला दिलं की ती भरेल, मला माहीत आहे. तिचं काम आवडलं असं म्हणणारं एक माणूस आहे, आणि ते म्हणजे त्याच मॅडम, हे वाचून तिची मान वर होईल. आणि मग ती माझ्याकडे बघेल. त्या पत्रात दोन्ही एकत्रच आहे, वेगळं करता येत नाही. मी प्रयत्न केला. एक फोन करून दुसऱ्या कुणाकडून तिच्या कानावर घालता येईल का, हेसुद्धा बघितलं. सवय जात नाही.

मी फार विचार केला, बाई, की मी ते पोतं का ठेवलं. प्रथा वगैरे ठीक. पण मी सगळं ऐकलं होतं, अर्ज छान आहे हे मला कळलं होतं, मग भीती कशाची होती? भीती ही होती की तिचं तिच्या जोरावर होणार, आणि त्यात माझा हात कुठेच दिसणार नाही. उभ्या जन्मात मी हातानं आणि कानानं मिळवलं. तिला माझी गरज न पडता मिळालं असतं, तर मी तिचा कोण?

संध्याकाळचे सहा वाजलेत. ती खालून हाक मारतेय, "पप्पा, चहा गार होतोय." कपाट माझ्या पाठीमागेच आहे, किल्ली लावलेलीच आहे. येतो म्हणालो आणि अजून बसलोय. हे पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार नाही ते तुम्हालाही ठाऊक आहे. जे तिला सांगायचं ते तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही आता मला उलटून काही विचारणार नाही.